चौकशीच्या खिडकीतल्या शांताक्का

शांताक्का उमरीकरांना मी पाहिलं त्याच्या कितीतरी वर्षं आधी ऐकलं होतं. आमचं घर काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत. वारा आमच्या बाजूचा असला की फलाटावरच्या सूचना थेट स्वयंपाकघरात यायच्या. आधी तेलुगू, मग हिंदी, मग इंग्रजी, आणि तिन्हींत तोच एक ठसठशीत बाईचा आवाज. मनमाडकडची गाडी असली की तिन्ही भाषा आटोपल्यावर तो आवाज जरा खाली यायचा आणि मराठीत म्हणायचा, "नांदेड-परभणीची मंडळी, पाणी भरून घ्या. गाडीला अजून दहा मिनिटं आहेत." हे मराठी कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. साहेबांनी त्यांना दोनदा समज दिली. "लोक विचारायला येण्याआधीच सांगितलं की खिडकीवरची रांग कमी होते," असं उत्तर देऊन त्या तिसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरायला सांगू लागल्या.

खिडकी म्हणजे चौकशीची खिडकी. सूचना देणं हे त्यांचं वरचं काम, मूळ नोकरी चौकशीची. बुटक्या, रुंद हाडाच्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला. विचारलं तेवढंच सांगायचं आणि सांगायचं ते खरं सांगायचं, हा त्यांचा नियम. मी बँकेत नवा नवा लागलो तेव्हा मद्रासला एका परीक्षेसाठी जायचं होतं म्हणून त्या खिडकीवर गेलो.

"मद्रासची गाडी इथून सुटते का?"

"नाही."

मी थांबलो. त्याही थांबल्या.

"मग कुठून सुटते?"

"सिकंदराबाद."

"किती वाजता?"

"साडेचार."

मी आभार मानून निघालो, आणि दहा पावलं गेल्यावर शंका आली म्हणून परत आलो. "रोज असते ना?"

"रोज असते. पण आजची गेली. आजचं तुम्ही विचारलं नाही." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "पुढचा."

त्यांच्या संसाराविषयी मला फारसं माहीत नाही. लग्न झालं होतं एवढं कळलं होतं, पुढचं मी कधी विचारलं नाही आणि त्यामुळे अर्थातच त्यांनी सांगितलं नाही.

एकट्या मुलांसाठीची त्यांची संस्था कशी निघाली ते मात्र त्यांनी न विचारता सांगितलं होतं, आणि एकदा नव्हे, वीस वेळा. एक दिवस दुपारी खिडकीवर चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आला आणि त्यानं विचारलं, "पुढची गाडी कुठं जाते?"

"तीस वर्षं मी त्या खिडकीवर बसले," शांताक्का म्हणायच्या. "माणूस विचारतो, गाडी कधी आहे. कुठल्या फलाटावर आहे. उशीर किती आहे. गाडी कुठं जाते असं विचारणारा तो पहिला. ज्याला कुठंच जायचं नाही तोच असं विचारतो. मी त्याला सांगितलं, निजामाबाद. तो म्हणाला, तिथूनच आलोय. मग मी खिडकी लावून घेतली आणि बाहेर आले. नोकरीत पहिल्यांदा वेळेआधी खिडकी लावली."

तो मुलगा म्हणजे नरसिंग. वडील हयात होते, पण दारू प्यायल्यावर लोखंडी सळईनं मारायचे. सीमेवरच्या गावातला असल्यामुळे त्याला तेलुगू आणि मराठी दोन्ही यायचं, आणि फलाटावरच्या तीन आठवड्यांत दख्खनीही आली होती.

तो काळ असा होता की शहरात रोज नवं दुकान उघडत होतं. कोपऱ्याकोपऱ्यावर एस. टी. डी.चे पिवळे फलक लागत होते, केबलवाले गच्च्यांवरून वायरी ओढत होते, आणि असल्या एकट्या पोरांना काम तासाभरात मिळायचं. शाळा मात्र मिळायची नाही. शाळेला पत्ता लागतो, दाखला लागतो, पालकाची सही लागते. शांताक्कांनी नरसिंगला घेऊन नारायणगुड्यातल्या तीन शाळा पालथ्या घातल्या. तिन्हीकडे एकच प्रश्न आला, "याचं कोण आहे?" विचारलं तेवढंच आणि खरंच सांगण्याचा नियम असलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर देता येईना. म्हणून त्यांनी संस्था काढायची ठरवली.

नोंदणीला सात माणसं लागायची. एक त्या स्वतः. दुसरे सायकलदुकानवाले खलीलभाई. एक होमिओपॅथीचे डॉक्टर, त्यांचा कंपाउंडर, एक निवृत्त हमाल आणि शांताक्कांची शाळेतली मैत्रीण. सातवा मी. मी का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "बँकेत तू स्लिपा भरतोस ते मी पाहिलंय. तुझं अक्षर बरं आहे." यापलीकडे माझी काही लायकी होती असं मला आजही वाटत नाही.

नोंदणीच्या कचेरीतला कारकून भला माणूस होता. त्यानं आमचा अर्ज वाचला आणि म्हणाला, "मक्सद के खाने में लिक दो अम्मा, यतीम बच्चों की परवरिश."

"ये यतीम नहीं हैं," शांताक्का म्हणाल्या. "इसके बाप जिंदा हैं. एक की माँ है, दूसरी शादी कर ली. घर है, जा नहीं सकते."

"तो फिर क्या लिकना?"

"लिखो, अकेले बच्चों के साथ जाना."

"किदर जाना?"

"जिधर कागज मंगते, उधर."

कारकून हसला आणि त्यानं सरकारी भाषेत काहीतरी लिहून घेतलं. पण आमच्या संस्थेचा खरा उद्देश तोच राहिला. खलीलभाईंच्या दुकानामागे दोन खोल्या घेतल्या. तिथं दहा-बारा मुलं राहायची आणि निवृत्त हमाल त्यांच्यावर लक्ष ठेवायचा. पण शांताक्कांच्या लेखी खोल्या ही दुय्यम गोष्ट. मुख्य गोष्ट पालक. एका मुलाला एक पालक, एका पालकाला एक मूल. पालकानं जुने कपडे आणायचे नाहीत, मिठाई वाटायची नाही, भाषण करायचं नाही. शाळेत, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात, जिथं "याचं कोण आहे" असं विचारतील तिथं जाऊन उभं राहायचं आणि सही करायची. एका बड्या व्यापाऱ्यानं शंभर ब्लँकेटं देऊ केली तेव्हा शांताक्कांनी विचारलं, "दहावीच्या पालकसभेला याल का?" तो म्हणाला, वेळ नाही. "मग ब्लँकेटं राहू द्या. इथं थंडी चार दिवस असते, पालकसभा वर्षातून तीनदा."

पालकाची त्या परीक्षाही घ्यायच्या. कधीही, कुठंही. तीन प्रश्न ठरलेले. मुलाच्या चपलेचा नंबर काय? रागावला की काय करतो? झोपेत कुठल्या भाषेत बोलतो? पहिल्या महिन्यात मला तिन्ही आले नाहीत. नरसिंग माझ्या वाट्याला आला होता. मी सत्तावीस वर्षांचा, तो चौदाचा. मला तो तेलुगूत "अन्ना", म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. तिसऱ्या प्रश्नासाठी मी एका दुपारी खोलीत त्याच्या उशाशी दोन तास बसून राहिलो. तो झोपेत काहीच बोलला नाही, मलाच झोप लागली. जागा झालो तर सगळी मुलं भोवती बसून ऐकत होती. "अन्ना, तुम्ही मराठीत बोलता," नरसिंग म्हणाला. "कुणाला तरी रांगेत यायला सांगत होता."

शाळेत त्याचं नाव घातलं तेव्हा कारकुनानं माझी सही घेतली आणि रजिस्टरात लिहायला सुरुवात केली. रकाने दोनच होते, वडील आणि आई. मी म्हणालो, मी पालक आहे. कारकून म्हणाला, त्याला रकाना नाही. थोडा वेळ पेन हवेत धरून त्यानं वडिलांच्या रकान्यात माझं नाव लिहून टाकलं. मला गंमत वाटली. मी घरी सांगितलंसुद्धा नाही. आईचा या संस्थेला विरोध होता. आधीच एक स्थळ "मुलगा समाजसेवा करतो म्हणे, म्हणजे घराकडे लक्ष नसणार" असं म्हणून परत गेलं होतं.

आता जे लिहायचं आहे ते मी पंचवीस वर्षं लिहायचं टाळलं आहे.

नरसिंग दहावी झाला. आझमाबादच्या एका कारखान्यात वायरमनच्या शिकाऊ जागेसाठी निवडला गेला. त्याचा आनंद असा होता की त्यानं दोन खोल्यांतले सगळे बल्ब काढून पुसून परत लावले. वय कमी असल्यामुळे करारावर पालकानं स्वतः हजर राहून सही करायची होती. शुक्रवारी दुपारी चारपर्यंत, नाहीतर जागा पुढच्या मुलाला.

त्याआधीच्या रविवारी माझ्यासाठी सांगून आलेल्या मुलीकडची मंडळी आमचं घर बघायला आली. पुण्याची माणसं. मुलीचा भाऊ नुकताच एका कॉम्प्युटर कंपनीत हैदराबादला आला होता. सोबत मुलीचे वडील आणि मावशी. आमच्याकडे खुर्च्या कमी, म्हणून मी नरसिंगला खलीलभाईंकडून चार घडीच्या खुर्च्या आणायला पाठवलं होतं.

पोहे झाले. बोलणी छान चालली होती. मावशी इथल्याच, एका शाळेत शिकवणाऱ्या. त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या. मग म्हणाल्या, "एक विचारू? आमच्या शाळेत वरच्या वर्गात एक नरसिंग होता. चेहऱ्यानं मी त्याला ओळखत नाही, पण रजिस्टरात त्याच्या वडिलांच्या रकान्यात तुमचं नाव आहे. अगदी हेच, आडनावासकट, आणि पत्ता इथलाच."

आईनं हातातलं तबक खाली ठेवलं. मुलीच्या वडिलांनी चष्मा काढला. "तुमचं वय काय म्हणालात?"

"एकोणतीस."

"आणि त्या मुलाचं?"

"सोळा," मावशी म्हणाल्या.

ते बोटांवर मोजायला लागले. "म्हणजे तेराव्या वर्षी..." ते पुटपुटले आणि थांबले.

एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. सगळे हसले असते. आज मी ते वाक्य झोपेतून उठवलं तरी म्हणू शकतो. पण मी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "दुसरे कुणी असतील. मी त्या मुलाला ओळखत नाही."

दारात नरसिंग उभा होता, दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या. त्यानं त्या आत आणल्या, उघडल्या, खिशातल्या रुमालानं पुसल्या.

"हा कोण?" मुलीच्या भावानं विचारलं.

"खुर्च्यावाला आहे," आई म्हणाली. आईला मी दोष देत नाही. रस्ता मीच दाखवला होता.

"बैठो साब," नरसिंग मुलीच्या वडिलांना म्हणाला आणि निघून गेला.

स्थळ पक्कं झालं. त्या आठवड्यात मी बँकेत इतक्या चुका केल्या की मॅनेजरनी लग्न ठरल्याबद्दल माझं अभिनंदन केलं. नरसिंगकडे जायचं मी रोज ठरवत होतो आणि रोज जात नव्हतो. शुक्रवारी सकाळी वाटलं, तो येईलच, सही तर लागणारच आहे. एक वाजला तरी तो आला नाही. शांताक्का आल्या.

त्या रांगेत उभ्या राहिल्या. पुढे सहा माणसं होती. मी हातानं खूण केली, पुढे या. त्यांनी मान हलवली. रांग मोडून त्या आयुष्यात कुठं गेल्या नव्हत्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि फलाटावरच्या आवाजात, अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं विचारलं, "नरसिंगच्या चपलेचा नंबर?"

"सात, अक्का."

"झोपेत कुठल्या भाषेत बोलतो?"

"तेलुगूत."

"रागावला की काय करतो?"

"काही बोलत नाही. सायकली पुसत बसतो."

"खलीलभाईंच्या दुकानात सकाळपासून अठरा झाल्या. मला म्हणाला, अक्का, माझ्या कागदावरून त्यांचं नाव काढून टाका. तुम्हीच सही करा. मी सांगितलं, मी करणार नाही. एका मुलाला एक पालक."

"पण अक्का, चारला जागा जाईल!"

"हो."

"वर्ष जाईल त्याचं."

"हो," त्या म्हणाल्या. मग बाजूला सरकल्या आणि मागच्या माणसाला म्हणाल्या, "पुढचा."

मी मॅनेजरला काय सांगितलं ते आठवत नाही. खलीलभाईंच्या दुकानापर्यंत धावत गेलो. ते गल्ल्यावर चहा पीत बसले होते. मला बघून म्हणाले, "आव मियाँ. तुमारा बेटा सुबू से सैकलाँ पोछ पोछ के रंग निकाल दिया. गिराकाँ आके पूछरे, नई सैकल कित्ते की बोल के. जरा समजाव उसकू, मेरा पुरानी सैकल का धंदा है!"

नरसिंग मागे उकिडवा बसून चाकाची एकेक तार पुसत होता. मी शेजारी बसलो. एक फडकं घेतलं आणि दुसऱ्या बाजूनं पुसायला लागलो.

"नक्को साब," तो म्हणाला. "कपडे खराब होतात."

साब.

"नरसिंग, मी खोटं बोललो."

"मालूम है. मैं उधरीच था."

"भ्यालो."

"किसकू?"

कुणाला भ्यालो होतो मी? तीन पाहुणे आणि एक तबक. त्यानं चाक फिरवलं, पुढची तार धरली. मग खालच्या मानेनं म्हणाला, "वो चष्मेवाले साब. उनकी खुरसी का पाव ढीला था."

"काय?"

"मेरेकू मालूम था. मैं उनकूच दिया." त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "गिरे क्या?"

"नाही."

"चे!" तो म्हणाला, आणि इतका मनापासून हळहळला की मला हसू फुटलं. मग त्यालाही. खलीलभाई गल्ल्यावरून आम्हा दोघा बावळटांवर ओरडले, "हस्ते क्या हौले! घडी देखो!"

दोन वाजून गेले होते. खलीलभाईंनी दुकानातली सर्वांत चकचकीत सायकल दिली. माझा दम आधीच गेलेला, म्हणून नरसिंगनं पायडल मारलं आणि मी बँकेच्या कपड्यांत मागे कॅरियरवर बसलो. सगळ्या रस्ताभर तो फक्त खड्डा आला की म्हणायचा, "पकडो."

कारखान्याच्या फाटकाशी बाकावर शांताक्का बसल्या होत्या, मांडीवर डबा. आम्हाला बघून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, डबा उघडला आणि जेवायला सुरुवात केली. सकाळपासून त्या जेवल्या नव्हत्या.

आतल्या अधिकाऱ्यानं कागद पुढे केला. मी सही केली. "नातं?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, पालक. "म्हणजे कोण?" "म्हणजे याला काही झालं तर मला बोलवायचं," मी म्हणालो. तो म्हणाला, "आणि यानं काही केलं तर?" "तरी मलाच." नरसिंग समोरच्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाकडे बघत उभा होता. त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

बाहेर आल्यावर मी शांताक्कांना विचारलं, "मी आलोच नसतो तर?"

"साडेतीनपर्यंत वाट बघितली असती. मग मीच सही केली असती."

"पण तुम्ही तर म्हणालात, करणार नाही! नियम आहे!"

"नियम गेला चुलीत. पोराचं वर्ष घालवू?" त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. "बँकेत तू विचारलंस का मला, साडेतीननंतर काय करणार म्हणून?"

एवढं झाल्यावर मी सरळ पुणेकरांकडे जाऊन खरं सांगितलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. मी सांगितलं नाही. सही कारखान्यात केली, घरातलं खोटं तसंच राहू दिलं. उद्या सांगू, साखरपुडा झाल्यावर सांगू, पत्रिका छापून झाल्या की सांगू, असं करत लग्नाचा दिवस आला. नरसिंग मला अजून साबच म्हणत होता.

लग्न नामपल्लीतल्या एका कार्यालयात होतं. दिव्यांची रोषणाई नरसिंगनं केली. मी बोलावलं नव्हतं, खलीलभाईंनी आणला होता. दुपारच्या पंगतीत शांताक्का मेधाच्या, म्हणजे माझ्या नव्या बायकोच्या, जवळच बसल्या होत्या. पलीकडे मावशी. मावशींनी जिलेबी वाढून घेता घेता प्रेमानं विचारलं, "आपण मुलाकडच्या का?"

"मी मुलाच्या मुलाकडची," शांताक्का म्हणाल्या.

आवाज तोच, तीन फलाटांना पुरणारा. पंगत थांबली. वाढपी थांबला. मेधाच्या वडिलांच्या हातातला मठ्ठा तोंडापर्यंत जाऊन तिथंच राहिला.

"म्हणजे?" मावशी म्हणाल्या.

"तो बघा, शिडीवर. नरसिंग. याचे पालक तुमचे जावई. अडीच वर्षं झाली."

त्यांना विचारलं गेलं होतं. त्यांनी तेवढंच आणि खरं सांगितलं. माझ्या खोट्याबद्दल त्यांना माहीत होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मेधानं आधी शिडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिथंच, पाटावर बसल्या बसल्या, सगळं सांगितलं. रकाना, खुर्च्या, सगळं. ती आधी हसली. तेरा वर्षांचा बाप हे तिलाही सुचलं असणार. मग तिचं हसू गेलं. "बाबा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले, मुलगा सरळ आहे," ती म्हणाली. एवढंच. मग तिनं आपल्या पानातल्या दोन जिलेब्या उचलल्या, शालू सावरत उठली आणि शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"खाली उतर. हे घे."

नरसिंग उतरला. मेधा वळून शांताक्कांना म्हणाली, "मी याची कोण लागते?"

"त्याला अजून रकाना नाही," शांताक्का म्हणाल्या. "बसा, भात थंड होतोय."

मेधाचे वडील उठून नरसिंगजवळ गेले. ते म्हणाले, "त्या दिवशी तू मला दिलेली खुर्ची फार हलत होती रे." नरसिंगनं जिलेबी तोंडात कोंबली म्हणून त्याला उत्तर द्यावं लागलं नाही. संध्याकाळी निम्मे दिवे गेले तेव्हा तो गर्दीतून माझ्यापर्यंत आला आणि घाईनं म्हणाला, "अन्ना, फ्यूज कुठाय?" मला फ्यूज कुठं आहे ते माहीत नव्हतं. पण त्यानं विचारलं आणि माझे डोळे भरून आले. पुरोहिताला वाटलं, धुरानं.

नरसिंगचं पुढं चांगलं झालं. शिकाऊ काळ संपवून तो त्याच कारखान्यात लागला, मग वायरिंगची कामं स्वतः घेऊ लागला. मेधा पालक झाली, एका मुलीची, मग दुसरीची. संस्थेनं मुलींसाठी वेगळ्या खोल्या घेतल्या. आणि मी? मला बढती मिळाली. आम्ही शहराच्या नव्या भागात फ्लॅट घेतला. काचीगुडा लांब पडायला लागलं. नरसिंग अठराचा झाल्यावर शांताक्कांनी मला दुसरं मूल घ्यायला सांगितलं आणि मी म्हणालो, यंदा नको, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही तेच म्हणालो. मग त्यांनी विचारायचं सोडलं. वार्षिक सभेला मी चिठ्ठी पाठवायचो, बँकेच्या कामामुळे येता येत नाही. त्यातली निम्मी कारणं खरी होती.

शांताक्कांना मी शेवटचं पाहिलं ते नारायणगुड्याच्या चौकात. मी नवीनच मोटार घेतली होती. भर सकाळची गर्दी, सगळी वाहनं एकमेकांत घुसलेली. आणि त्या सगळ्याच्या मधोमध एक बुटकी म्हातारी एक हात वर करून चालली होती. दुसऱ्या हातानं पंधरा-सोळा वर्षांच्या एका उंच मुलीचं मनगट धरलेलं. तो वर केलेला हात माझ्या मोटारीसमोर येऊन थांबला. आत कोण आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. सत्तरी उलटलेली, केस पूर्ण पांढरे. काच खाली करू की नको, असं मला झालं. तीन वर्षं मी तोंड दाखवलं नव्हतं. काच खाली केली.

"अक्का."

त्यांनी वाकून पाहिलं. डोळ्यांना कमी दिसत असावं.

"विनायक होय? मोटार घेतलीस. बरं झालं." त्यांनी मागचं दार स्वतःच उघडलं आणि मुलीला म्हणाल्या, "बस. रिक्षा मिळेना आणि हिचा पेपर साडेनवाला आहे. चिक्कडपल्लीच्या शाळेत. फाटकावर विचारतील, सोबत कोण आहे. तू आत जाऊन सांग."

मी म्हणालो, "अक्का, मी इतके दिवस..."

"आठ वाजून पंचावन्न झाले," त्या म्हणाल्या.

मागून हॉर्न वाजायला लागले. मुलगी आत बसली, दप्तर मांडीवर घेतलं, आणि मला नीट न्याहाळून तेलुगूत विचारलं की मला रस्ता माहीत आहे ना. मी म्हणालो, आहे. गाडी पुढे काढताना मी खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे पाहिलं. मला वाटलं होतं त्या तिथं उभ्या असतील, मी कुठल्या बाजूला वळतो ते बघत. माझ्यासारख्या माणसाच्या हवाली पोर केल्यावर कुणीही बघितलं असतं.

शांताक्का रस्त्याच्या कडेला पेरूच्या गाडीवर होत्या. आमच्याकडे पाठ करून, एकेक पेरू नाकाशी धरून, गाडीवाल्याशी भांडत होत्या.